बोर्ड : फळा, जेवण, संचालक, जहाज... हा नक्की एकच शब्द आहे का?

काथ्याकूट (धागाकर्ता)

मंडळी, एक शंका डोक्यात भुणभुण करतेय म्हणून धागा काढतोय. भाचीला एका विद्यापीठाचं शिष्यवृत्तीचं पत्र आलंय, त्यात काय काय मिळणार त्याची यादी आहे आणि त्यात लिहिलंय 'रूम अँड बोर्ड'. ताईने ते मोबाईलवरच्या भाषांतरात टाकलं तर उत्तर आलं 'खोली आणि फळा'. ताई मला विचारते, हे लोक खोलीत फळा कशाला लावून देतायत? मी म्हटलं अगं बोर्ड म्हणजे इथे जेवणखाण. त्यावर तिचा पुढचा प्रश्न, मग कंपनीचं बोर्ड म्हणजे काय, आणि विमान 'बोर्ड' करतात ते काय, तिथे काय जेवतात का?

माझं मत सांगतो. हा एक शब्द नाहीच. पाच-सहा वेगवेगळे शब्द योगायोगाने एकाच स्पेलिंगमध्ये येऊन बसलेत. फळा, संचालक मंडळ, दोन वेळचं जेवण, जहाजावर चढणं, जाड पुठ्ठा, विजेची बटणं... यांचा एकमेकांशी काडीचा संबंध दिसत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा, अजाणकारांनी मजा घ्यावी.

पाटीपेन्सिल

संबंध आहे ना! सगळ्याच्या मुळाशी लाकडाची फळी. बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे.

निवांत

बोर्ड मीटिंगमध्ये बोअर झालेले मेंबर बोर्डवर चित्रं काढतात. संपला धागा.

तिरकस

@निवांत, हा विनोद पहिल्या दहा प्रतिसादांत येणार हे ठाऊक होतं. दुसऱ्यातच उरकलात, आभारी आहे.

जुनाजाणता

पाटीपेन्सिल यांच्याशी सहमत, पण फळी म्हटलं की काम संपत नाही. फळीपासून जेवणापर्यंत आणि तिथून संचालकांपर्यंत कसं पोचले ते बघण्यासारखं आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सरदार-जमीनदारांच्या घरी एक मोठा दिवाणखाना असायचा. तिथेच जेवण, तिथेच न्यायनिवाडा, रात्री नोकरचाकर तिथेच झोपायचे. आता एवढ्या सगळ्या कामांना एकच जागा म्हटल्यावर मधोमध कायमचं जड टेबल ठेवून कसं चालेल? मग जेवायच्या वेळी लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकायच्या, वर कापड अंथरायचं, झालं टेबल. जेवणं आटोपली की फळ्या उचलून भिंतीला टेकवायच्या. त्यामुळे बोर्ड म्हणजे फळी आणि बोर्ड म्हणजे टेबल यात लोकांना फरकच वाटत नव्हता, वस्तू एकच होती.

पुढची पायरी सोपी आहे. टेबलावर जे वाढलं जातं तेही बोर्ड. म्हणून 'रूम अँड बोर्ड' म्हणजे राहणं-जेवणं, पैसे देऊन दुसऱ्याकडे जेवणारा तो बोर्डर, आणि जिथे मुलं शिकतात आणि राहतात-जेवतात ती बोर्डिंग स्कूल. दिवसभर शिकून घरी जेवायला जाणारा तो डे स्कॉलर, तो बोर्डर नाही.

आणि त्याच टेबलाभोवती लोक जेवण्याऐवजी कारभार करायला बसले की ते झालं कारभाराचं बोर्ड. सोळाव्या शतकात सल्लागार मंडळी ज्या टेबलाशी बसत त्याला बोर्ड म्हणत, पुढे टेबल बाजूला राहिलं आणि भोवती बसलेल्या माणसांनाच बोर्ड म्हणायला लागले. म्हणजे संचालक मंडळ हे मुळात एक टेबल आहे.

तिरकस

काही संचालकांना भेटल्यावर ते अजून लाकडीच आहेत याची खात्री पटते.

शेंडेफळ

@जुनाजाणता मस्त माहिती. माझा एक किस्सा. परदेशात फिरायला जायचं म्हणून नवरा नेटवर हॉटेलं शोधत होता. चांगली चांगली हॉटेलं सोडून पुढे पुढे जात होता, मी विचारलं हे का नको, तर म्हणे बघ ना लिहिलंय 'फुल बोर्ड', जागा नाहीये. म्हणजे हाउसफुल्लचा बोर्ड लागलाय असं त्याला वाटलं. आणि 'हाफ बोर्ड' म्हणजे अर्धं भरलंय, तिथे नक्की मिळेल म्हणून तेच बुक करून मोकळा झाला. तिथे गेल्यावर नाश्ता आणि रात्रीचं जेवण आपसूक मिळालं, दुपारचं मागितलं तर वेगळं बिल. फुल बोर्ड म्हणजे तिन्ही वेळचं जेवण धरून हे त्याला वेटरने समजावलं. अजूनही त्याचं म्हणणं आहे की त्याचा अर्थ जास्त तर्कशुद्ध आहे.

निवांत

नवऱ्याला माझं अनुमोदन कळवा.

काथ्याकूट (धागाकर्ता)

@जुनाजाणता, जेवण आणि संचालक इथपर्यंत पटलं. पण विमान बोर्ड करणं? 'ऑन बोर्ड', 'ओव्हरबोर्ड'? तिथे टेबल कुठून आणणार? की जहाजाची फळी, फळीवर पाय ठेवून वर चढलो, असं काही?

पाटीपेन्सिल

अर्थात तेच. जहाजं लाकडी फळ्यांची असायची, फळ्यांवर चढलो म्हणजे बोर्ड केलं. फार खोलात जायची गरज नाही.

दर्यावर्दी

गरज आहे. (मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.) व्यापारी जहाजावर आयुष्य गेलं म्हणून सांगतो, ऑन बोर्ड मधला बोर्ड म्हणजे पायाखालची फळी नाही. पायाखालच्याला आम्ही डेक म्हणतो. बोर्ड म्हणजे जहाजाची बाजू, कड, कुशी. ओव्हरबोर्ड पडला म्हणजे कडेवरून पाण्यात पडला. मॅन ओव्हरबोर्ड अशी आरोळी उठली की सगळी कामं टाकून लोक धावतात. आता फळीवरून पडला म्हटलं तर तो जहाजातच पडेल की!

'गो बाय द बोर्ड' ऐकलं असेल, एखादी योजना बारगळली, हातची गेली या अर्थी वापरतात. वादळात डोलकाठी मोडून कडेवरून समुद्रात गेली, तिथून ते आलं.

आणि सर्वात भारी उदाहरण स्टारबोर्ड. ताऱ्याशी काही देणंघेणं नाही. सुकाणू मागे मधोमध बसवायची पद्धत नंतर आली, त्याआधी उत्तरेकडच्या जहाजांना उजव्या कुशीला एक मोठं वल्ह्यासारखं सुकाणू बांधलेलं असायचं, बहुतेक माणसं उजव्या हाताची म्हणून. नॉर्वेत १८८० साली उकरून काढलेलं गोकस्टाडचं वायकिंग जहाज आहे, त्याला उजव्या बाजूला ते सुकाणू आहे. ती सुकाणूची बाजू म्हणून 'स्टिअर-बोर्ड', त्याचं झालं स्टारबोर्ड. सुकाणू धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून धक्क्याला डावी कूस लावायची आणि मालाची चढउतार तिकडून. डाव्या बाजूला लार्बोर्ड म्हणायचे. आता वादळवाऱ्यात कोणी ओरडला स्टारबोर्ड आणि कोणी ओरडला लार्बोर्ड तर ऐकणाऱ्याने काय करायचं? म्हणून १८४४ साली ब्रिटिश नौदलाने हुकूमच काढला की लार्बोर्ड बंद, आजपासून डाव्या बाजूला पोर्ट म्हणायचं. अमेरिकन नौदलाने १८४६ साली तेच केलं. पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा, आजही तेच.

अवलिया

@दर्यावर्दी जबरी प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

विमानवाल्यांनी हे सगळं जहाजवाल्यांकडून उसनं घेतलंय. कॅप्टन, क्रू, केबिन, डेक, बोर्डिंग, सगळं. आणि आपण विमानात चढतो तेही साधारण डाव्या दाराने. उजवीकडून सामान आणि जेवणाच्या गाड्या लागतात. पोर्टची बाजू धक्क्याला, हा नेम आकाशातही टिकलाय.

तिरकस

पण चाचेही जहाज 'बोर्ड' करतात ना? म्हणजे आपलं जहाज त्यांच्या जहाजाच्या कुशीला भिडवायचं, आकडे टाकायचे आणि तलवारी घेऊन उड्या मारायच्या.

दर्यावर्दी

हो, आणि तो अर्थ जुना आहे. 'बोर्ड' हे क्रियापद आधी कुशीला भिडणं आणि हल्ला करणं या अर्थी चालायचं, सभ्यपणे तिकीट दाखवून चढणं नंतर आलं.

तिरकस

स्वस्त विमानसेवेच्या गेटवर रांग मोडून जे होतं ते मूळ अर्थाला धरूनच आहे म्हणायचं.

सोल्डरसम्राट

सगळे इतिहासात रमलेत, जरा आमच्या गल्लीत या. सर्किट बोर्ड, मदरबोर्ड, कीबोर्ड ही सगळी फळीवाल्या शाखेतली. पण आमच्याकडे एक बोर्ड असा आहे की ज्याचं नाव ऐकून नवीन पोरं हसतात, ब्रेडबोर्ड. रेडिओ घरी बनवायचं वेड होतं त्या काळात हौशी लोक स्वयंपाकघरातली पाव कापायची फळी पळवायचे, तिच्यावर खिळे ठोकायचे, खिळ्यांना तारा गुंडाळून सर्किट उभं करायचे. घरच्या बाईसाहेब पाव कशावर कापायच्या ते इतिहासाला ठाऊक नाही. आज ते प्लास्टिकचं पांढरं, छिद्राछिद्रांचं असतं, पूर्ण आकाराच्या बोर्डला ८३० छिद्रं, पाच-पाच छिद्रं आतून जोडलेली, मध्ये एक खाच, तिच्यावर चिप आडवी बसवायची म्हणजे दोन्हीकडचे पाय एकमेकांना लागत नाहीत. पाव नाही, लाकूड नाही, नाव तेच.

जाता जाता, नवशिक्यांसाठी. कडेला लाल-निळ्या रेघांच्या ज्या पुरवठ्याच्या पट्ट्या असतात त्या काही मोठ्या बोर्डांवर मधोमध तुटलेल्या असतात. बारीक बघितलं तर तिथे लाल रेघही खंडित छापलेली दिसते. अर्ध्या सर्किटला वीज का नाही म्हणून तासन् तास डोकं धरून बसायच्या आधी तिथे एक छोटी तार जोडून बघा.

शेंडेफळ

शेवटच्या परिच्छेदाबद्दल माझ्या मुलाकडून त्रिवार धन्यवाद. त्याचा प्रोजेक्ट चालू झाला. खरंच.

सोल्डरसम्राट

अशा वेळी धागा वसूल वाटतो :)

जुनाजाणता

कीबोर्डबद्दल थोडं. तो शब्द टाइपरायटरच्या आधीपासून ऑर्गन-पियानोच्या पट्ट्यांसाठी आहे. शोल्स आणि मंडळींनी १८६८ साली टाइपरायटरचं जे पेटंट घेतलं त्यातल्या यंत्राला पियानोसारख्याच पट्ट्या होत्या. गोल बटणांच्या रांगा नंतर आल्या. तेव्हा आपण इथे जे बडवतोय ते वाद्याचंच नाव लावून बसलंय.

निवांत

इथले काही आयडी बडवतात ते ऐकून वाद्यच वाटतं, फक्त सूर लागत नाही.

रंधा

सुतारकाम हा माझा छंद आहे, आणि या धाग्यावर लाकडाची बाजू कोणीतरी मांडायला हवी. आज बाजारात बोर्ड म्हणून जे मिळतं त्यात फळी जवळपास नसतेच. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुगा-तंतू डिंकात दाबून केलेला बोर्ड. पार्टिकल बोर्ड म्हणजे त्याहून जाड चुरा. जिप्सम बोर्डात तर लाकूडच नाही, दोन जाड कागदांच्या मध्ये खनिज. कार्डबोर्ड म्हणजे कागदच. सपाट आणि जरा ताठ असलं की ते बोर्ड, एवढाच निकष उरलाय. ब्रिटिश माणूस चिपबोर्ड म्हणतो ते फर्निचरचं, अमेरिकन म्हणतो ते राखाडी पुठ्ठा. ऑनलाइन मागवताना जपून.

लाकूड मोजायचं एक माप मात्र अजून टिकून आहे, बोर्ड फूट. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड, म्हणजे १४४ घन इंच. त्यात खरी फळी लपलेली आहे.

पाटीपेन्सिल

डॅशबोर्ड कोणी सांगितला नाही अजून? घोडागाडीच्या पुढे, हाकणाऱ्याच्या पायांसमोर एक उभी फळी लावायचे, घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून. डॅश म्हणजे तो उडणारा चिखल-पाणी. मोटार आली, घोडे गेले, फळी राहिली, मग त्याच जागी काटे-तबकड्या बसल्या आणि आता ऑफिसमध्ये साहेब लोक 'डॅशबोर्ड दाखवा' म्हणतात.

तिरकस

चिखल अडवायलाच असतो तो. आमच्या ऑफिसातला तर फक्त त्याच कामाचा आहे.

मनकवडी

मी मनुष्यबळ विभागात काम करते. 'ऑनबोर्डिंग' या शब्दावर इथे राग निघणारच आहे, तर मीच काढते. नवीन माणूस रुजू झाला असं म्हणायचं सोडून आम्ही त्याला 'ऑनबोर्ड करतो'. मग तो गेला की 'ऑफबोर्ड'. आता दर्यावर्दी यांचं वाचून कळलं की आम्ही लोकांना कडेवरून आत घेतो आणि कडेवरून बाहेर टाकतो. दुसरं जरा जास्तच खरं आहे.

अवलिया

@मनकवडी :D

उंटावरचा शहाणा

सर्वात जास्त अर्थाचा शब्द बोर्ड नाहीच, 'सेट' आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत त्या एका क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेत. आणि नंतर 'रन'ने त्याला मागे टाकलं, ६४५. त्यापुढे बोर्ड म्हणजे किस झाड की पत्ती.

तिरकस

उंटावरून उतरा. इथे विषय किती अर्थ हा नाही, एक शब्द की अनेक हा आहे.

उंटावरचा शहाणा

वरून नीट दिसतं म्हणून बसतो. तुमचा विषय तिसऱ्या प्रतिसादानंतरच कडेवरून पाण्यात गेलाय.

दुभाषी

भाषांतर हा पोटापाण्याचा धंदा असल्याने माझा रोजचा संबंध. यंत्राला 'खोली आणि फळा' सुचलं याचं आश्चर्य नाही. माणसंही 'ही इज ऑन बोर्ड विथ द प्लॅन'चं 'तो योजनेसह जहाजावर आहे' करून पाठवतात, मी स्वतः तपासलंय. तो 'तयार आहे', 'त्याचा होकार आहे', विषय संपला. 'टेक ऑन बोर्ड' म्हणजे लक्षात घेणे, ऐकून घेणे. 'अक्रॉस द बोर्ड' म्हणजे सरसकट. हा सरसकटवाला अमेरिकन घोड्यांच्या शर्यतीतून आलाय, एकाच घोड्यावर पहिला, दुसरा, तिसरा अशा तिन्ही जागांसाठी पैसे लावायचे. 'अबव्ह बोर्ड' म्हणजे चोख, लपवाछपवी नसलेलं, तो पत्त्यांच्या टेबलावरून, हात टेबलाच्या वर दिसत राहिले की पानांची अदलाबदल करता येत नाही. 'गो ओव्हरबोर्ड'ला मी 'वाहवत जाणे' वापरते, त्यात पाणीही आपोआप येतं.

याउलट 'टेबल' हा बोर्डचा भाऊ जास्त छळतो. तो लॅटिन ताबुलावरून, म्हणजे तोही मुळात फळीच. ब्रिटिश माणूस ठराव 'टेबल' करतो म्हणजे चर्चेला आणतो आणि अमेरिकन 'टेबल' करतो म्हणजे बाजूला ठेवतो. बरोब्बर उलट! चर्चिलने दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींत लिहिलंय की ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एक तातडीचा कागद 'टेबल' करू म्हटलं, अमेरिकनांना वाटलं इतका महत्त्वाचा विषय हे बासनात बांधायला निघालेत, आणि बराच वेळ कडाक्याचं भांडण झाल्यावर कळलं की दोघांना एकच हवं होतं.

काथ्याकूट (धागाकर्ता)

हे भारीच आहे. म्हणजे सगळी सत्ता फर्निचरातच आहे म्हणायची.

जुनाजाणता

आहेच! बँक म्हणजे इटालियन सावकाराचं बाकडं. ब्यूरो म्हणजे फ्रेंचमध्ये आधी टेबलावर अंथरायचं जाडंभरडं कापड, मग ते टेबल, मग ते टेबल असलेलं कार्यालय. आणि इंग्लंडच्या खजिन्याचं खातं, एक्स्चेकर, त्याचं नाव बुद्धिबळाच्या पटावरून, कारण चौकटी-चौकटींचं कापड टेबलावर पसरून त्याच्यावर सोंगट्या सरकवत हिशेब करायचे. म्हणजे तोही एका अर्थाने बोर्डच. चेअरमनचं तर सांगायलाच नको.

निवांत

कपाट राहिलं.

रंधा

राहिलं नाही, कबर्ड हा 'कप-बोर्ड'च आहे. कप-पेले मांडायची उघडी फळी. दारं नंतर लागली आणि उच्चारातला प गेला.

बर्फाळप्रदेशी

उशिरा येतोय, धागा एका दमात वाचला. मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण पाटीपेन्सिल आणि दर्यावर्दी यांच्यातलं भांडण अर्धवट सुटलंय आणि त्याचं उत्तर शेजारच्या भाषांत आहे.

मी जर्मन शिकवतो. जर्मनमध्ये 'बोर्ट' हा शब्द दोन लिंगांत येतो. नपुंसकलिंगी 'दास बोर्ट' म्हणजे भिंतीवरची फळी, शेल्फ. पुल्लिंगी 'डेअर बोर्ट' म्हणजे जहाजाची कड, आणि 'आन बोर्ट' म्हणजे जहाजावर. डचमध्ये तर उच्चारातच फरक आहे. आखूड ओ असलेला 'बॉर्ट' म्हणजे फळा, पाटी, आणि चक्क जेवणाची ताटलीसुद्धा. लांब ओ असलेला 'बोर्ट' म्हणजे कड, काठ, शर्टाची कॉलर आणि जहाजाची बाजू. म्हणजे जुन्या जर्मानिक भाषांत हे दोन शब्द होते, एक फळीचा आणि एक कडेचा. जुन्या इंग्रजीत येईपर्यंत दोन्हींचं रूप 'बोर्ड' असं सारखंच झालं आणि लोकांनी ते एक धरले. लाकडी जहाजाची कड फळ्यांचीच, मग कोण कशाला शंका घेतंय.

कडवाला शब्द फ्रेंचांनीही उचलला, त्यांच्यात 'बोर' म्हणजे कड, काठ. तिथून फिरून तो इंग्रजीत परत आला तो 'बॉर्डर' होऊन. तेव्हा देशाची सीमा आणि विमानाचा बोर्डिंग पास हे एका घरातले, आणि फळा आणि संचालक हे दुसऱ्या घरातले. स्वीडिशमध्ये टेबलाला आजही हाच शब्द आहे, स्मॉर्गसबोर्ड म्हणजे लोणी लावलेल्या पावांचं टेबल.

पाटीपेन्सिल

पण ही दोन घरं अजून मागे गेलं तर एकच नाहीत कशावरून? फळीची कड आणि कडेची फळी.

बर्फाळप्रदेशी

तसं मानणारे अभ्यासक आहेत, आणि दोन स्वतंत्र मुळं मानणारेही आहेत. त्यावर एकमत नाही. पण इंग्रजीच्या उंबरठ्यावर ते दोन म्हणून आले हे नक्की, म्हणून शब्दकोशात वेगळी नोंद देतात.

तिरकस

अतिअवांतर: फ्रेंचांनी फळीवाला शब्दही उचलला होता, फळ्यांची झोपडी या अर्थी. छोट्या झोपडीला 'बोर्देल'. पुढे त्या झोपड्यांत कोणता व्यवसाय चालायला लागला आणि त्याचं इंग्रजी-इटालियन काय झालं ते इथे लिहिलं तर संपादक प्रतिसाद उडवतील. संचालक मंडळाचे चुलत नातेवाईक आहेत एवढंच सांगतो.

संपादक

लक्ष आहे.

तिरकस

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे) करायची गरज पडू नये इतकंच लिहिलंय मालक.

काथ्याकूट (धागाकर्ता)

मी म्हणत होतो पाच-सहा शब्द, पाटीपेन्सिल म्हणत होत्या एक, आणि निघाले दोन. तडजोड मान्य आहे. पण मग रोजच्या वापरात ओळखायचं कसं, कुठला फळीवाला आणि कुठला कडवाला? दर वेळी जर्मन माणूस कुठून आणायचा?

दुभाषी

एक खूण आहे. 'द' बघायचा. 'शी इज ऑन द बोर्ड' म्हणजे ती संचालक मंडळावर आहे. 'शी इज ऑन बोर्ड' म्हणजे ती जहाजावर किंवा विमानात आहे, नाहीतर तिचा होकार आहे. बुद्धिबळाचा घोडा 'ऑन द बोर्ड', लाटांवर उभा असलेला सर्फर 'ऑन द बोर्ड', खडूने लिहिलेलं 'ऑन द बोर्ड'. सगळे फळीवाले 'द' लावून, जहाजवाला बिनद.

मनकवडी

अरे वा, हे वापरता येईल. नवीन संचालक आले तेव्हा आमच्या एका साहेबांनी मेलमध्ये 'द' गाळला होता, सगळ्यांना वाटलं त्यांनी फक्त होकार दिलाय.

दर्यावर्दी

खूण छान आहे, पण डोलकाठी 'बाय द बोर्ड' जाते. कडवाला आणि तरी 'द'.

शेंडेफळ

आणि 'रूम अँड बोर्ड' फळीवाला असून बिनद.

दुभाषी

मी 'ऑन'पुरतंच म्हटलंय हो. तेवढं तरी राहू द्या, उद्या सकाळी एक करारनामा द्यायचाय आणि त्यात 'बोर्ड' एकोणीस वेळा आहे.